परळच्या वास्तूतील लस : हाफकिन संस्थेचा सव्वाशे वर्षांचा वृत्तांत

परळ येथील ज्या वास्तूत हाफकिन संस्था आज नांदते आहे, ती मुळात रोगसंशोधनासाठी बांधलेली नव्हती. पोर्तुगीज अमदानीत तेथे ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, आणि गव्हर्नर हॉर्नबी यांनी १७७१ साली तेथे बिऱ्हाड केल्यापासून पुढे शतकाहून अधिक काळ मुंबई इलाख्याच्या लाटसाहेबांचे निवासस्थान म्हणून ती ओळखली गेली. ज्या दालनात आज सूक्ष्मदर्शके मांडलेली दिसतात, त्या दालनात एके काळी मेजवान्या झडत आणि राजपुत्रांचे स्वागत होई. ज्यांचे नाव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजामुळे महाराष्ट्राला परिचित आहे, त्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्या कारकीर्दीत लेडी फर्ग्युसन यांना याच घरात पटकीची लागण होऊन त्यांचा अंत झाला, आणि त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार टोकाचा आश्रय घेतला. पुढे प्लेगच्या पहिल्या धामधुमीत या ओस पडलेल्या राजवाड्यात प्लेगचे रुग्णालय थाटण्यात आले. आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तेथे प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. पटकीने रिकामे केलेले घर, ज्याने पटकीवरची पहिली विश्वसनीय लस सिद्ध केली होती त्याच शास्त्रज्ञाच्या हाती यावे, हा योग संस्थेच्या जन्मकाळीच जुळून आला होता.

हा शास्त्रज्ञ म्हणजे वॉल्डेमार हाफकिन. १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्राणिशास्त्राचे शिक्षण त्यांनी मेचनिकॉफ यांच्या हाताखाली घेतले. आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत साहाय्यक ग्रंथपालाच्या सामान्य जागेवर रुजू होऊन त्यांनी प्रयोगशाळेत प्रवेश मिळविला. पटकीच्या जंतूंची लस तयार झाल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती सर्वांआधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, आणि दुसऱ्या वर्षी ते कलकत्त्यास आले. बंगालमधील त्यांच्या कार्याचा इतिहास स्वतंत्र आहे. आपल्या संस्थेच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट लक्षात घ्यावी, ती अशी की, टोचलेल्यांच्या संख्येइतकीच न टोचलेल्यांची संख्याही काटेकोरपणे नोंदवावयाची, एकाच घरातील, एकाच पाण्यावर जगणारी माणसे परस्परांशी ताडून पाहावयाची आणि मगच निष्कर्ष काढावयाचा, ही शिस्त त्यांनी कलकत्त्याच्या वस्त्यांत अंगी बाणविली आणि पुढे मुंबईत आणली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी गाठीच्या तापाचे निदान केले आणि मुंबईवर अरिष्ट कोसळले. गिरण्या थंडावल्या, बाजार बसले, आणि आगगाडी, गलबत, बैलगाडी जे मिळेल त्याने लाखो माणसे शहर सोडून गेली. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईस येऊन पोहोचले तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि एक व्हरांडा एवढी जागा, आणि एक कारकून व तीन शिपाई एवढा लवाजमा त्यांच्या दिमतीस देण्यात आला. तेवढ्यावर त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली.

ही लस कशी तयार होई, हे जाणून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट समजणार नाही. गोमांस वा वराहमांस यांचा अंश लसीत आहे अशी शंका आली असती, तर हिंदू व मुसलमान यांपैकी कोणीही तिला शिवले नसते. म्हणून शेळीच्या मांसाचा अर्क काढून त्याचा रस काचेच्या चंबूत भरीत आणि त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडीत. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना धरून वाढत आणि त्यांचे बारीक धागे रसात झुंबरासारखे खाली लोंबू लागत. ठराविक दिवसांनी चंबू हलवावयाचा, धागे तळाशी बसू द्यावयाचे, पुन्हा नवी वाढ होऊ द्यावयाची, असा पाच-सहा आठवड्यांचा क्रम चाले. मग सर्व द्रव तापवून जंतू मारीत आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल मिसळीत. या अखेरच्या दोन क्रियांपैकी पहिलीने प्लेगचे जंतू मरत, आणि दुसरीमुळे पुढे हाताळणीत चुकून शिरणाऱ्या परक्या जंतूंना पायबंद बसे. या कार्बोलिक आम्लाचा उल्लेख पुढे पुन्हा यावयाचा आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी या लसीचे १० घन सेंटिमीटर स्वतःच्या अंगात टोचून घेतले. ही मात्रा पुढे लोकांना देण्यात आलेल्या मात्रेपेक्षा पुष्कळच मोठी होती. त्यांना सडकून ताप भरला, डोके धरले, टोचलेली जागा सुजून ठणकू लागली, आणि हे सर्व त्यांनी एखाद्या परक्या रुग्णाचे लक्षण टिपावे त्याप्रमाणे टिपून ठेवले. संस्थेच्या इतिहासात दुष्परिणामांची पहिली नोंद संस्थापकाच्या स्वतःच्या शरीराची आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. लस टोचल्यावर ताप का येतो, याचा उलगडा आज सामान्य वाचकासही सहज समजण्याजोगा आहे: मेलेले वा दुबळे केलेले जंतू शरीरात शिरताच रक्तातील रक्षक पेशी खडबडून जाग्या होतात, त्यांनी सोडलेल्या द्रव्यांमुळे शरीराचे उष्णतामान चढते, टोचलेल्या जागी रक्ताचा ओघ वाढून ती लाल व कठीण होते, आणि दोन-तीन दिवसांत हा क्षोभ शमतो. त्या काळच्या जनतेला हा उलगडा ठाऊक नव्हता. ज्या दिवसांत ताप आणि काखेतील दुखरी गाठ ही साक्षात यमाची निशाणी होती, त्या दिवसांत धडधाकट माणसाने आपण होऊन सुई टोचून घ्यावी आणि रात्री तापाने फणफणावे, यास केवढे धैर्य लागत असेल याची कल्पना आज आपल्याला करवत नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, आणि कैद्यांपैकी जे स्वखुशीने पुढे आले त्यांना लस टोचण्यात आली. ज्यांच्या अंगात रोग आधीच भिनला होता त्यांना तिचा उपयोग झाला नाही, आणि ही गोष्टही हाफकिन यांनी लपविली नाही. बाकीच्यांचा हिशेब असा लागला की, न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्या १४७ जणांपैकी दोघांना तो झाला व दोघेही बचावले. आकडे लहान आहेत. परंतु तुलना करण्याची पद्धत चोख होती, आणि म्हणूनच पुढच्या वर्षी बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी हाफकिन यांनी अधिक कठोर कसोटी घेतली: घरोघरची माणसे ओळीने बसवून प्रत्येक कुटुंबातील निम्मी माणसे टोचली व निम्मी तशीच ठेवली. सहा आठवड्यांनी गावात पुन्हा जाऊन पाहतात तो प्लेग शिरलेल्या घरांतून टोचलेल्यांपैकी ८ जणांना लागण होऊन ३ दगावले होते, आणि न टोचलेल्यांपैकी २७ जणांना लागण होऊन त्यांतील २६ मृत्युमुखी पडले होते.

या काळात महाराष्ट्रावर काय गुजरत होते, हे विसरून संस्थेचा इतिहास लिहिता येणार नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती अमर्याद अधिकार दिले होते. पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमतीखाली गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, देवघरे बाटविली, संशयितांना ओढून छावण्यांत नेले. आणि जून महिन्यात चाफेकर बंधूंनी रँड यांचा वध केला. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला होता. अशा वातावरणात सरकारी माणसाच्या हातातील सुईविषयी लोकांच्या मनात विष कालवले गेले असल्यास त्याचा दोष केवळ लोकांच्या अज्ञानाला देणे हा अन्याय होईल. हाफकिन यांचा आग्रह असा होता की, टोचणी ऐच्छिकच असली पाहिजे. सक्तीने माणूस टोचता येईल, परंतु त्याचा शेजारी पळून जाईल, हे त्यांनी बंगालमध्येच ओळखले होते. ज्यांनी टोचून घेतले त्यांना दाखले मिळत आणि छावणीच्या जाचातून सूट मिळे. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमक्ष स्वतःला टोचून घेतले व आपल्या अनुयायांना तसे करण्यास सांगितले, इतकेच नव्हे तर खुश्रू लॉज ही आपली इमारत प्रयोगशाळेसाठी दिली. तेथून १८९९ साली बिऱ्हाड परळास हलले.

आता त्या प्रकरणाकडे वळले पाहिजे, ज्याने या संस्थेचा पाया हादरविला.

१९०२ च्या शरद ऋतूत पंजाब सरकारने टोचणीची प्रचंड मोहीम हाती घेतली आणि परळवर लाखो मात्रांची मागणी येऊन आदळली. शेळीच्या रसाची जुनी पद्धत वेळखाऊ होती. तेव्हा हाफकिन यांनी पॅरिसमध्ये रूढ असलेल्या रीतीप्रमाणे घट्ट पृष्ठभागावर जंतू वाढविण्याची त्वरित पद्धत स्वीकारली आणि कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ माणसांना लस टोचण्यात आली. आठवड्याभरात त्यांतील १९ जणांना धनुर्वाताने घेरले आणि ते सर्वच्या सर्व मरण पावले. चौकशीत निष्पन्न झाले की, हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते, आणि त्या बाटलीचा क्रमांक होता ५३ एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्या माणसांना काहीही अपाय झाला नव्हता.

सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले. कसौलीच्या पाश्चर संस्थेचे मेजर सेंपल हे त्याचे एक सभासद होते. मंडळाचा अभिप्राय पडला की, धनुर्वाताचे विष बाटलीत मुलकोवाल येथे उघडण्यापूर्वीच शिरलेले असले पाहिजे, म्हणजे दोष परळचा. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि ते इंग्लंडला निघून गेले. मात्र चौकशीच्या कागदपत्रांतच अशी जबानी होती की, बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा त्या दिवशी साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो उकळून शुद्ध न करताच वापरण्यात आला. धनुर्वाताच्या जंतूंचे मूळ वसतिस्थान तर मातीच, त्यातही गुराढोरांचा वावर असलेली माती. शिवाय बाटली उघडताना तीस कसलाही दुर्गंध नव्हता, असे टोचणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते. आणि ज्या द्रवात धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे वाढत राहिले असतील तो निर्गंध राहणे अशक्य. ही जबानी बाहेर येण्यास चार वर्षे जावी लागली. अखेरीस १९०७ साली, मलेरियाचा डासांशी संबंध याच देशात सिद्ध करून नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या टाइम्स पत्रातून हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. त्या काळच्या अग्रगण्य जंतुशास्त्रज्ञांनी त्यास दुजोरा देणारे पत्र आपल्या सह्यांनी प्रसिद्ध केले. आणि हाफकिन यांच्यावरील ठपका दूर होऊन ते त्या वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानात परतले. परंतु त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. परळच्या प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्या हाती पुन्हा कधीही आली नाहीत.

माझ्या मते मुलकोवालचा सर्वांत मोठा बळी हाफकिन यांची कीर्ती नव्हे. ते एकोणीस जीव गेले हे तर आहेच. पण त्या वार्तेसरशी पंजाबातील टोचणीची मोहीम ढासळली, आणि १९०७ या एका सालात त्या प्रांतात सहा लाखांवर माणसे प्लेगने मेली. लस, लस टोचणारा हात आणि लसीच्या नंतर योगायोगाने घडणारे आजारपण, या तिन्ही गोष्टी भिन्न आहेत हे लोकांना वेळीच आणि खुल्या मनाने सांगितले गेले असते, कागदपत्रे दप्तरात दाबून ठेवण्याऐवजी प्रसिद्ध केली असती, तर यातील किती जीव वाचले असते याचे गणित कोणीही मांडू शकणार नाही. परंतु ते वाचले असते याविषयी मला संदेह नाही. त्याबरोबरच हेही नमूद केले पाहिजे की, चिमटा जमिनीवर पडला तरी बाटलीत कार्बोलिक आम्ल असते तर कदाचित अनर्थ टळला असता. मागणीच्या रेट्यापुढे सुरक्षिततेचा एक अडसर काढला गेला होता, ही गोष्ट हाफकिन यांचा पक्ष घेतानाही नाकारता येत नाही. पुढे परळमध्ये लसीत ते आम्ल पुन्हा नियमाने मिसळले जाऊ लागले.

संस्थेची दुसरी थोर कामगिरी लसीच्या मर्यादा दाखविणारी आहे, आणि तिचे श्रेय मुख्यत्वे ग्लेन लिस्टन यांना जाते. मुंबईच्या चाळींतून आधी उंदीर मरतात आणि मग माणसे, हे लोकांनी केव्हाच पाहिले होते. लिस्टन यांनी अशा एका चाळीतील रहिवाशांच्या अंगावरच्या पिसवा गोळा करून तपासल्या, तेव्हा त्यांत माणसांच्या नव्हे तर उंदरांच्या पिसवा मोठ्या संख्येने निघाल्या. यजमान उंदीर मेल्यामुळे उपाशी पिसवा माणसांवर आल्या होत्या. १९०५ पासून परळच्या आवारात प्लेग कमिशनने खास बांधलेल्या छोट्या कोठ्यांतून याचा पडताळा घेण्यात आला. कोठीच्या जमिनीवर प्लेगग्रस्त गिनीपिग व पिसवा सोडीत आणि निरोगी गिनीपिग पिंजऱ्यात घालून छताला टांगीत. जो पिंजरा जमिनीपासून दोनच इंच उंच असे त्यातील प्राणी मरे. जो दोन फूट उंच असे त्यातील प्राणी सुखरूप राही. हवा दोघांना तीच, खोली तीच. भेद एवढाच की, पिसवेची उडी दोन फूट पोहोचत नाही. इतक्या साध्या मांडणीने शतकानुशतकांचा दूषित वाऱ्याचा सिद्धांत निकालात निघाला.

या प्रयोगातून लसीकरणाविषयीही एक मूलभूत गोष्ट स्पष्ट झाली. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे क्वचितच जातो. त्याचे चक्र उंदीर आणि पिसू यांच्यातच फिरत असते. फुप्फुसाच्या प्लेगात खोकल्यावाटे तो माणसांमध्ये पसरतो, पण मुंबईची साथ मुख्यतः गाठीची होती. तेव्हा एखाद्या चाळीतील निम्म्या माणसांनी लस टोचून घेतली तर ती निम्मी माणसे बऱ्याच अंशी वाचतील, परंतु त्यामुळे उरलेल्या निम्म्यांच्या वाट्याचा धोका उणावणार नाही. देवीची गोष्ट अगदी वेगळी होती. मुंबईत १८०२ साली पहिल्या बालिकेला गोस्तन देवीची लस टोचली गेली तेव्हापासून हे अनुभवास येत होते. कारण देवीचा रोग फक्त माणसाच्या आश्रयाने जगत असे. प्रत्येक रोगी ज्यांच्या संपर्कात येतो त्यांतील पुरेशी माणसे संरक्षित असली की रोगाला पुढे जाण्यास वाट राहत नाही, आणि ज्यांना टोचलेले नाही, जी अर्भके टोचण्याच्या वयाची नाहीत, ज्यांच्या दुखण्यामुळे त्यांना टोचता येत नाही, त्यांच्याभोवतीही आपोआप कडे उभे राहते. गोवराचा रोग इतका चपळ आहे की, त्याला रोखण्यासाठी शंभरातील सुमारे पंचाण्णव जण संरक्षित असावे लागतात. कमी चपळ रोगांना याहून कमी पुरतात. कोणती लस केवळ घेणाऱ्याचे रक्षण करते आणि कोणती शेजाऱ्याचेही करते, हे त्या त्या रोगाच्या प्रवासाचा मार्ग ठाऊक झाल्याविना सांगता येत नाही. आणि प्लेगचा तो मार्ग परळला उमगला.

१९०६ साली प्रयोगशाळेचे नाव बदलून मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले, आणि १९२५ साली तत्कालीन संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ज्या सरकारने त्यांना एके काळी दूर केले होते त्याच सरकारने हे केले, आणि हाफकिन यांना ते हयातीत पाहावयास मिळाले. ऑक्टोबर १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. १८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. पुढे १९३२ साली साहिबसिंग सोखी हे पहिले हिंदी संचालक झाले. त्यांच्या सतरा वर्षांच्या कारकीर्दीत लसीचा कस उंदरांवर मोजण्याची रीत बसली, सल्फा औषधांचे प्लेगवरील प्रयोग झाले, औषधनिर्मितीत देशाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे ही दृष्टी संस्थेला लाभली, आणि येथूनच ते जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यक महासंचालकपदावर गेले.

मुलकोवालच्या चौकशी मंडळावर असलेल्या सेंपल यांचा या संस्थेशी आणखी एक संबंध पुढे आला. पिसाळलेले कुत्रे चावलेल्यांसाठी त्यांनी कसौली येथे मेंढीच्या मेंदूपासून कार्बोलिक आम्लाच्या साह्याने तयार केलेली लस विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून परळमध्येही तयार होऊ लागली. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची महाराष्ट्राच्या घराघरांत आजही सांगितली जाणारी धास्ती हिचीच. या लसीने अगणित प्राण वाचविले. परंतु तिच्यातील मेंदूच्या अंशामुळे काही हजारांमागे एखाद्याच्या शरीराची रक्षकयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटे आणि त्यास पक्षाघात होई. हा दोष हाताळणीचा नव्हता, लसीच्या द्रव्यातच होता. आणि तो ठाऊक असूनही डॉक्टर ती देत, कारण एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगातून माणूस वाचत नाही. एका बाजूस हजारांत एक पक्षाघात आणि दुसऱ्या बाजूस निश्चित मृत्यू, अशा तराजूत तो निर्णय होत असे. पेशींवर वाढविलेली निर्धोक लस परवडू लागल्यावर २००४ च्या अखेरीस देशभरात ही जुनी लस बंद झाली. कुत्रा चावलेल्या माणसाला कितीही लस दिली तरी त्यामुळे रोगाचा प्रसार थांबत नाही, तो थांबावयाचा तर कुत्र्यांनाच टोचले पाहिजे, हे प्लेगच्या पिसवांनी दिलेल्या धड्याशी सुसंगतच आहे.

१९७५ साली महाराष्ट्र शासनाने संस्थेचे दोन भाग केले: संशोधन, शिक्षण व चाचणी यांचे कार्य मूळ संस्थेकडे राहिले, आणि उत्पादनासाठी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्थापन झाले. या महामंडळाचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले ते पोलिओच्या डोसामुळे. १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी अंगणवाडीच्या, शाळेच्या, एस. टी. स्थानकाच्या दारात शीतपेटी घेऊन बसलेल्या सेविका आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. बाटलीच्या पट्टीवर वर्तुळात एक लहान चौकोन असतो. तो भोवतीच्या वर्तुळाहून फिकट असेल तरच लस वापरावयाची, उष्णतेने तो काळवंडला तर बाटली बाद करावयाची. मग बाळाच्या तोंडात दोन थेंब सोडावयाचे, आणि डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करावयाची.

या दोन थेंबांत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते आतड्यात वाढतात, तेथील अस्तरात प्रतिकारशक्ती निर्माण करतात, आणि पुढे रानटी विषाणू गावाच्या पाण्यातून आला तरी त्याला त्या आतड्यात ठाव मिळत नाही. म्हणजे मूल स्वतः वाचते आणि त्याच्या विष्ठेवाटे रोग दुसऱ्याकडे जाण्याची साखळीही तुटते. टोचावयाची मृत विषाणूंची लस मुलाला पांगळेपणापासून वाचविते, परंतु आतड्याची वाट ती इतक्या कडेकोटपणे बंद करीत नाही. दाट वस्ती आणि उघडी गटारे असलेल्या देशाने थेंबांचीच निवड केली याचे कारण हे. या निवडीची किंमतही होती. सुमारे पंचवीस-तीस लाख बालकांना पहिला डोस दिला तर त्यांतील एखाद्यास लसीतील विषाणूमुळेच लुळेपणा येतो. आणि जेथे लसीकरण अपुरे राहते तेथे दुबळा विषाणू मुलामुलांतून फिरत फिरत पुन्हा तीव्र होऊ शकतो. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. रोग संपल्यावर तराजू फिरला. लसीचा तो विरळा धोकाही आता सहन करण्याचे कारण उरले नाही. म्हणून २०१५ च्या अखेरीस टोचावयाची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली, आणि २५ एप्रिल २०१६ रोजी दुसऱ्या प्रकारचा विषाणू थेंबांतून काढून टाकण्यात आला. आपल्याच लसीचा दोष ओळखून ती बदलण्याचा हा निर्णय मला शास्त्राच्या मोठ्या विजयांपैकी एक वाटतो.

मुलकोवालचा प्रकार इतिहासजमा झाला आहे असे कोणी समजू नये. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बालकांच्या तोंडात हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य घातले गेले. बालके सुखरूप राहिली; चूक लसीची नव्हती, हाताळणीची होती, हे अधिकाऱ्यांनी मान्य केले व जाहीर केले, आणि मोहीम चालू राहिली. १९०२ आणि २०२१ यांत हा फरक पडला आहे. तो पडला कारण आज लसीकरणानंतर घडणाऱ्या प्रत्येक गंभीर घटनेची नोंद करण्याची, लसीचा गट क्रमांक तपासण्याची, आणि ताप, सूज, हाताळणीतील चूक, टोचण्याच्या भीतीने येणारी भोवळ व निव्वळ योगायोग यांची निवड करण्याची यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत उभी आहे.

ही यंत्रणा वाचकांच्या सहकार्याविना चालत नाही. घरातील बालकाला वा वृद्धाला लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे. लसीकरण पत्रिका जपून ठेवावी व तीवर लसीचे नाव आणि तारीख लिहिली आहे याची खात्री करून घ्यावी. दोन-तीन दिवसांचा ताप वा टोचलेल्या जागेची सूज यास भिऊ नये. आणि याहून वेगळे काही घडल्यास, ते कितीही क्षुल्लक वाटले तरी, शेजारच्यांत कुजबुजत न बसता त्याच दिवशी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे, अशी सर्व वाचकांस आग्रहाची विनंती आहे.